मावळतीच्या हिशेबाने बांधलेला खेळ : मेडोरा म्युझिकल

अमेरिकेत उत्तर डकोटा राज्याच्या पश्चिम टोकाला मेडोरा नावाचं गाव आहे. कायमची वस्ती शे-सव्वाशे माणसांची. जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत तिथे जवळजवळ रोज संध्याकाळी साडेसातला एक संगीताचा खेळ होतो. तो होतो उघड्यावर, डोंगराच्या उतारात बसवलेल्या प्रेक्षागृहात. १९६५ पासून हे चालू आहे. आसनं २,९०० च्या घरात आहेत आणि चांगल्या हंगामात लाखभर माणसं तो पाहून जातात.

खेळाचा विषय म्हणजे काऊबॉयचा काळ: १८८० च्या दशकातली गुरं, रेल्वे, रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी कुरणं, आणि याच भागात काही वर्षं गुरं पाळून पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट. पण त्यात पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत जाणारी एक गोष्ट नाही. गाणी, समूहनृत्य, विनोदी प्रवेश, पाहुण्या कलाकाराची करामत, मधूनमधून रूझवेल्टची कथा आणि शेवटी देशभक्तीपर गाणी, अशी बांधणी असते. गायक-नर्तकांच्या संचाला ‘बर्निंग हिल्स सिंगर्स’ म्हणतात, वादकांना ‘कोल डिगर्स’. वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतो आणि गाणी प्रत्यक्ष गायली जातात. गाणी-प्रवेश दरवर्षी बदलतात, त्यामुळे तीच कुटुंबं पुन्हा पुन्हा येतात.

असा खेळ बंद नाट्यगृहातल्या नाटकापेक्षा कितीतरी अवघड असतो. का, ते समजून घ्यायचं तर आधी घड्याळ पाहावं.

उजेड कुणाच्या हातात नसतो

मेडोरा साधारण ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास तिथे सूर्य ८:५० च्या आसपास मावळतो. खेळ दोन तासांचा धरला तर तो साडेनऊला संपतो. शिवाय इतक्या उत्तरेला संधिप्रकाश लांबतो. पुण्यात जूनमध्ये सूर्यास्तानंतर चोवीस-पंचवीस मिनिटांत दिवा लावावा लागतो, मेडोरात त्याला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे जूनच्या प्रयोगात पहिली ऐंशी मिनिटं लख्ख दिवस असतो, आणि नीट अंधारतं तेव्हा प्रेक्षक उठायच्या बेतात असतात.

आता १० सप्टेंबरचा प्रयोग घ्या. सूर्य सव्वासातलाच मावळलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत काळोख होतो आणि उरलेला सगळा खेळ दिव्यांवर. संहिता तीच, कलाकार तेच, पण डोळ्यांना दिसणारा खेळ वेगळा.

याचं कारण आकड्यांत सहज कळतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, नुसत्या सावलीत दहा-वीस हजार. रंगमंचावरचे जोरदार दिवे हजार-दोन हजार लक्स देतात. त्यामुळे सूर्य वर असताना दिवे लावले काय, विझवले काय, प्रेक्षकाला फरक जाणवत नाही. सूर्य टेकता टेकता प्रकाश काहीशे लक्सवर येतो, आणि तिथून पुढे वीसेक मिनिटांत दिव्यांचं राज्य सुरू होतं.

म्हणून अशा खेळाची क्रमवारी लावताना प्रकाशावर अवलंबून असलेले प्रवेश पुढे ढकलावे लागतात. सुरुवातीला लाल-पिवळे ठसठशीत कपडे, मोठ्या हालचाली, भरलेला रंगमंच, विनोद. एकट्या माणसाचं हळवं गाणं, स्पॉटमधला चेहरा, पडद्यावरची चित्रं आणि आतषबाजी शेवटाकडे. नवख्या दिग्दर्शकाची चूक इथेच होते. तालीम रात्री उशिरा दिव्यांत झालेली असते, सगळं सुंदर दिसतं, आणि प्रयोगाला तोच प्रवेश सव्वाआठच्या उन्हात फिका पडतो. दुसरी अडचण ‘ब्लॅकआउट’ची. उजेडात अंधार करता येत नाही, त्यामुळे नेपथ्य बदलणं लपवता येत नाही. मग बदल हाच नाचाचा भाग करावा लागतो: एका बाजूला गाणं चालू असताना दुसऱ्या बाजूची दुकानांची दर्शनी भिंत सरकवायची. शिवाय दिव्यांच्या सूचना एकदा नोंदवून तीन महिने चालवता येत नाहीत. सूर्यास्त हंगामभरात तास-दीड तास अलीकडे सरकतो, तशा त्या पुन्हा पुन्हा बसवाव्या लागतात.

आवाज हा खरा प्रश्न

बंद नाट्यगृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात. उघड्यावर गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हा साधा नियम. नेहमीच्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल धरा. दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२, सोळावर ३६, बत्तीस मीटरवर ३०. उन्हाळी संध्याकाळचे किडे, वारा आणि दोन हजार माणसांची चुळबुळ यांचाच आवाज ४० च्या पुढे असतो. म्हणजे पंधराव्या-विसाव्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर उघडा आवाज बुडालेला असतो. माईक इथे अपरिहार्य आहे.

महाराष्ट्रात ‘जाणता राजा’ या महानाट्याने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. तिथे संवाद आणि गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात आणि कलाकार त्यावर अभिनय करतात. वारा आला, घोडा खिंकाळला, नट धापा टाकत आला, तरी शब्द स्वच्छ ऐकू येतो. त्याची किंमत अशी की प्रेक्षक हसत राहिले म्हणून संवाद थांबत नाही. मेडोरात विनोदी प्रवेश आणि प्रेक्षकांशी थेट बोलणं हा खेळाचा मोठा भाग आहे, त्यामुळे तिथे आवाज प्रत्यक्षच हवा.

प्रत्यक्ष आवाजाचं शत्रुत्व तिघांशी: वारा, घाम आणि टोपी. गालाजवळ किंवा केसांच्या कडेला बसवलेला बिनतारी माईक वारा लागला की घरघरतो, म्हणून त्यावर फोमची टोपी. नाचून घाम आला की थेंब माईकच्या तोंडावर बसतो आणि आवाज अचानक घोंगडीतून आल्यासारखा होतो. उपाय म्हणून माईक किंचित वर, घामाचा ओघळ टाळून लावतात आणि विंगेत कोरडा माईक तयार ठेवतात. काऊबॉय टोपीचा रुंद काठ माईकला घासला तर खरखर होते, आणि घासला नाही तरी काठाखाली आवाज कोंडून वेगळा ऐकू येतो. त्यामुळे टोपी घातलेल्या आणि टोपी काढलेल्या प्रवेशांसाठी मिक्सरवर वेगळी सेटिंग ठेवावी लागते. ट्रान्समीटरच्या बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या घालाव्यात. कालच्या चालतील, ही काटकसर नेमकी एकल गाण्यात महागात पडते.

मागच्या रांगांसाठी फक्त पुढचे स्पीकर वाढवून चालत नाही, पुढे बसलेल्यांचे कान फुटतील. म्हणून मोठ्या प्रेक्षागृहांत मध्यावर आणखी स्पीकर लावतात. इथे एक गोम आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, वीज मात्र क्षणात पोचते. रंगमंचापासून ३४ मीटरवरच्या स्पीकरमधून आवाज लगेच बाहेर पडला, तर मूळ आवाज तिथे एक दशांश सेकंद उशिरा येईल आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून त्या स्पीकरला मुद्दाम १०० मिलिसेकंद थांबवतात, वर आणखी दहा-वीस. ही शेवटची दहा-वीस मिलिसेकंदं महत्त्वाची आहेत. कान जो आवाज आधी ऐकतो त्याच दिशेला बोलणारा आहे असं मानतो. रंगमंचाचा आवाज थोडासा आधी पोचला की जवळच्या स्पीकरमधून ऐकत असूनही गाणारी मुलगी समोरच गातेय असं वाटतं.

मग तापमान. दुपारी तापलेली जमीन संध्याकाळपर्यंत गरम असते. जमिनीलगतची हवा उष्ण आणि वरची थंड असली की आवाज वरच्या बाजूला वळतो, लांबच्या माणसाला कमी पोचतो. सूर्य गेल्यावर जमीन निवते, उलटी स्थिती येते आणि आवाज खाली वाकून लांबवर जातो. त्यामुळे आठ वाजता पुरेसा वाटणारा आवाज सव्वानऊला मोठा वाटू शकतो. ध्वनी सांभाळणाऱ्याने हळूहळू हात आखडता घ्यावा लागतो.

वाद्यांचे हाल तर दोन्हीकडून. गारठा पडला की गिटारची पोलादी तार आकसते, ताण वाढतो आणि सूर चढतो. फुंकून वाजवायच्या वाद्यात थंड हवेमुळे सूर उतरतो. एकाच वाद्यवृंदात अर्धे वर चालले आणि अर्धे खाली. संध्याकाळी ३० अंश आणि दोन तासांनी १५ अंश, हा बदल या भागात अनोखा नाही. दोन गाण्यांमधल्या निवेदनात वादक खाली वाकून खुंट्या पिळताना दिसतात, त्यामागे हे कारण असतं.

जळते डोंगर आणि ओली माती

प्रेक्षागृहाचं नावच ‘बर्निंग हिल्स’, आणि ते अक्षरशः खरं आहे. या भागातल्या मातीत लिग्नाइट, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाचे थर आहेत. वीज पडून किंवा गवताला वणवा लागून थर पेटला की तो वर्षानुवर्षं जमिनीखाली धुमसतो. गावाला लागून असलेल्या थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानात असा एक थर १९५१ पासून १९७७ पर्यंत जळत होता. वरची चिकणमाती त्या धगीत भट्टीतल्या विटेसारखी भाजून लाल आणि कडक होते. तिला स्थानिक लोक ‘स्कोरिया’ म्हणतात. आजूबाजूची मऊ माती पावसात वाहून जाते, लाल भाजलेली टोपी टिकते, आणि म्हणून तिथल्या टेकड्यांच्या माथ्यावर लाल पट्टे दिसतात. रंगमंचामागे रंगवलेला पडदा नाही, हे डोंगरच आहेत. कधीकधी त्यावर हरणं किंवा एल्क चरताना दिसतात.

पण त्याच मातीत बेंटोनाइट आहे, जी पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. खेळात घोडेस्वार डोंगरउतारावरून दौडत येतात. दुपारी एक सर येऊन गेली, आकाश निरभ्र झालं, रंगमंच पुसून कोरडा केला, तरी उतार धोक्याचा असतो. प्रेक्षकाला कळत नाही की सगळं कोरडं असताना आज घोडे का नाहीत. घोड्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवायचा: उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. अंधाऱ्या विंगेतून झगझगीत दिव्यात आणि पुन्हा अंधारात अशी त्याची ने-आण केली तर तो बिचकतो. म्हणून येण्या-जाण्याच्या वाटेवर मंद दिवे कायम ठेवावे लागतात.

रंगमंचावरचा धोका पावसापेक्षा दवाचा. पाऊस दिसतो, दव दिसत नाही. कातडी तळाचे काऊबॉय बूट ओलसर लाकडावर घसरतात, त्यामुळे नाचाच्या बुटांना रबराचा पातळ तळ चिकटवतात. विजेच्या बाबतीत अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा की गडगडाट ऐकू आला की उघड्यावरचा कार्यक्रम थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं वाट पाहायची. कोरड्या वर्षी उलटी भीती. गवत पेट घेईल म्हणून आतषबाजी वगळणं भाग असतं.

गाव, साबण आणि संग्रामाची गोष्ट

हे गाव १८८३ साली मार्की द मोरेस या फ्रेंच सरदाराने वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. त्याची कल्पना हुशारीची होती. जिवंत जनावरं रेल्वेने शिकागोला पाठवायची तर वाटेत ती रोडावतात, आणि हाडा-कातड्याच्या वजनाचंही भाडं भरावं लागतं. त्यापेक्षा कुरणाजवळच कापून बर्फाच्या डब्यांतून मांस पाठवावं. पण शिकागोच्या मोठ्या कंपन्यांशी आणि रेल्वेच्या दरांशी त्याला टक्कर देता आली नाही, आणि गिऱ्हाइकाला मक्यावर पोसलेल्या जनावराचं मांस जास्त आवडायचं. १८८६ मध्ये कारखाना बंद पडला. त्याची विटांची चिमणी गावात अजून उभी आहे.

रूझवेल्ट गाव वसलं त्याच वर्षी, सप्टेंबर १८८३ मध्ये, रानगव्याच्या म्हणजे बायसनच्या शिकारीला आला आणि जाण्याआधी १४,००० डॉलर गुंतवून गुरांच्या धंद्यात शिरला. १४ फेब्रुवारी १८८४ ला एकाच दिवशी त्याची आई आणि बायको वारल्या. तो पुन्हा इथे आला तो दुःख घेऊन. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्याची निम्म्याहून जास्त गुरं मेली आणि धंदा बुडाला. पुढे अध्यक्ष असताना त्याने जंगलं आणि वन्यजीव राखण्यासाठी जे केलं, त्याची मुळं या मातीत आहेत असं खेळ सांगतो, आणि ते खरं आहे.

खेळात सॅन वान टेकडीवरची चढाई घोड्यांसह दाखवतात. दृश्य जबरदस्त असतं, पण इतिहास जाणून पाहावं. १ जुलै १८९८ ला क्यूबात, स्पेनविरुद्धच्या युद्धात, रूझवेल्टची ‘रफ रायडर्स’ तुकडी पायी लढली. जहाजात जागा नव्हती म्हणून बहुतेक घोडे फ्लोरिडातच राहिले होते. रूझवेल्ट स्वतः घोड्यावर होता, तोही काटेरी तारेपर्यंत. आधी सर झाली ती केटल टेकडी, आणि त्या चढाईत नवव्या व दहाव्या घोडदळातले कृष्णवर्णीय सैनिक खांद्याला खांदा लावून होते. तसंच, रँचवाले येण्याआधी हा प्रदेश रिकामा नव्हता. हिदात्सा या मूळ रहिवासी जमातीचे लोक याच कड्यांवर खड्ड्यात दबा धरून गरुड पकडत. ऑगस्ट १८६४ मध्ये अमेरिकी जनरल सलीच्या फौजेने लकोटा या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीशी इथल्या दऱ्याखोऱ्यांत लढाई केली. रूझवेल्टला १८८३ मध्ये एक बायसन शोधायला कितीतरी दिवस लागले, कारण उत्तरेकडचा कळप तोवर संपवला गेला होता. मार्की पुढे पॅरिसमध्ये ज्यूद्वेषाच्या चळवळीचा पुढारी झाला. दोन तासांच्या कौटुंबिक खेळात हे सगळं मावणार नाही हे मान्य, पण वारसा म्हणून जे दाखवलं जातं त्याच्या शेजारी हे ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

खेळाचं मूळ १९५८ मधलं. रूझवेल्टच्या जन्मशताब्दीला हे प्रेक्षागृह बांधून त्याच्यावर नाटक केलं गेलं. नंतर हॅरॉल्ड शेफर या स्थानिक उद्योजकाने गावात पैसा घातला. काचा पुसायचं मेण, ब्लीच आणि ‘मिस्टर बबल’ हा आंघोळीचा फेस विकून त्याची गोल्ड सील कंपनी मोठी झाली होती. त्याने हॉटेल दुरुस्त केलं, इमारती विकत घेतल्या आणि १९६५ मध्ये आजच्या स्वरूपाचा खेळ सुरू केला. १९८६ मध्ये ही सगळी मालमत्ता थिओडोर रूझवेल्ट मेडोरा फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेली.

टिकण्याचं कोडं इथे सुटतं. समजा हंगामात ९५ प्रयोग झाले, तर आसनं पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. प्रेक्षक लाखभर, म्हणजे सरासरी तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त भरती. नुसत्या तिकिटावर हे अवघड आहे. पण आलेलं कुटुंब संस्थेच्याच हॉटेलात राहतं, तिथेच जेवतं, गोल्फ खेळतं. खेळ माणसांना गावात आणतो, गाव खेळाला पोसतं. शिवाय दर हंगामात शेकडो स्वयंसेवक, बरेचसे निवृत्त, येऊन पाहुण्यांची सरबराई करतात. ज्या संस्थांनी फक्त नाटक उभं केलं आणि राहण्या-खाण्याची सोय दुसऱ्यांवर सोडली, त्यांना दोन पावसाळी हंगामही जड जाऊ शकतात.

पाहायला जायचं तर

माउंट रशमोर पाहायला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ असतात. तिथल्या डोंगरात कोरलेल्या चार चेहऱ्यांपैकी एक या रूझवेल्टचाच. जवळच्या रॅपिड सिटीहून मेडोरा उत्तरेला सुमारे चार तासांवर आहे. एक रात्र मुक्काम ठेवावा, म्हणजे सकाळी राष्ट्रीय उद्यानही होतं.

प्रवेश डोंगराच्या माथ्याकडून आहे आणि आसनं खाली रंगमंचाकडे उतरत जातात. परतताना चढ असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सरकता जिना आहे. थंड हवा जड असल्याने अंधार पडल्यावर उतारावरून खाली ओघळते आणि पुढच्या रांगांत साचते. पुढची तिकिटं घेतली असतील तर जुलैतही जाड शाल किंवा पांघरूण न्यावं. मच्छरांसाठी मलम हवं, आणि पहिल्या तासाच्या तिरप्या उन्हासाठी काळा चष्मा. दिव्यांची करामत पाहायची असेल तर ऑगस्टची अखेर निवडावी, डोंगरांचे रंग पाहायचे असतील तर जून.

खेळाआधी तिथे ‘पिचफोर्क स्टेक फाँड्यू’ नावाचं जेवण असतं. गवत उचलायच्या लोखंडी पंज्याला मांसाचे तुकडे खोचून ते उकळत्या तेलात तळतात. शाकाहारींनी बटाटे, कोशिंबीर, पाव यांवर भागवावं, आणि बीन्समध्ये मांस घातलंय का ते आधी विचारावं.

शेवटी वेळेचं. मेडोरा ‘माउंटन’ वेळेत आहे आणि पूर्वेला दोन तासांवरचं बिस्मार्क ‘सेंट्रल’ वेळेत, एक तास पुढे. येताना तास मिळतो, जाताना जातो. साडेनऊला खेळ सुटून गाडी बाहेर काढेपर्यंत पावणेदहा, आणि बिस्मार्कला पोचेपर्यंत तिथल्या घड्याळात पाऊण-एक वाजतो. आंतरराज्य महामार्ग ९४ वर त्या वेळी हरणं आडवी येतात. बिस्मार्कचं हॉटेल घेण्यापेक्षा अर्ध्या तासावरच्या डिकिन्सनला उतरावं. ते मेडोराच्याच वेळेत आहे.